सोसायटीच्या सभेआधी आरती घ्यावी का?

प्रश्न – सेक्रेटरी, इंदिरानगर, नाशिक
आमच्या ३२ फ्लॅटच्या सोसायटीत दर सभेआधी गणपतीची आरती होते. मीच सुरू करते, अगदी मनापासून. गेल्या रविवारी रजिस्टर मिटताना लक्षात आलं, तळमजल्यावरच्या ताईंची सही नेहमी शेवटची. त्या ख्रिस्ती, माहेर शरणपूरचं. आरती संपेपर्यंत लेटरबॉक्सपाशी उभ्या असतात, हातातल्या लाइट बिलाची घडी घालतात, उलगडतात, पुन्हा घालतात. टाळ्या थांबल्या की आत येतात. सात वर्षं झाली, एका शब्दाने बोलल्या नाहीत. आरती बंद करायला माझा जीव होत नाही. काय करू?

गोदाकाठ
बंद कशाला? त्यांना कुणी अडवलंय का? सिंहस्थ तोंडावर आलाय, सगळं गाव देवाचं नाव घेतंय. दोन मिनिटांचा तर प्रश्न.

वकीलकाका
१७ ऑक्टोबर १९४९ ला संविधान सभेत ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती मांडली. देवावर मत द्यायची वेळ आणू नका, असं पूर्णिमा बॅनर्जींनी विनवलं. तरी मतदान झालंच. बाजूने ४१, विरोधात ६८. विरोधातले सगळे काही नास्तिक नव्हते. हृदयनाथ कुंझरूंचं म्हणणं होतं की इतक्या आतल्या श्रद्धेची गोष्ट सगळ्यांच्या वतीने लादू नये. आमदारांच्या शपथेतही दोन वाटा आहेत, 'ईश्वरसाक्ष शपथ' किंवा 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा'. कुठलीही घेतली तरी आमदारकी तीच.

पंचवटीकर
'कुणी अडवलंय का' वाचून राहवलं नाही. आमचे आजोबा २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या मंदिरप्रवेश सत्याग्रहात काळारामाच्या बंद दरवाजापुढे होते. त्यांना आत जायचं होतं, देवापाशी. तुमच्या ताईंचं तसं नाही, त्यांना देवळात नाही, सभेत यायचंय. पाण्याच्या टाकीचा खर्च त्याही भरतात ना? मग सभेची दारं त्यांच्यासाठीही पहिल्या मिनिटापासून उघडी हवीत. आरती करा, जरूर करा, पण सभेच्या आत नको.

सेक्रेटरी, इंदिरानगर
दादा, पटलं. आरती पावणेआठला पार्किंगमधल्या देवळीपाशी, ज्याला यायचं तो येईल. सभा आठला, वर हॉलमध्ये. नोटीस लिहून ठेवलीय, पण अजून लावली नाही. सात वर्षांत मी ताईंना एकदाही विचारलं नाही, हेच जास्त बोचतंय. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाते.