पहिला गुण घेतला की पळत सुटायचं, हे कसलं कराटे?

फोंडेकर: रविवारी भाच्याची कुमिते, म्हणजे कराटेची लढत, बघायला म्हापशात पेड्याच्या स्टेडियमवर गेलो होतो. सुरुवातीलाच त्याने ठोसा लगावला, एक गुण आणि वर सेन्शू. म्हणजे शेवटी बरोबरी झाली, तरी पहिला गुण घेणारा जिंकणार. झालं! उरलेला वेळ पोर मॅटच्या कडेकडेने फिरतंय आणि कोच बाहेरून ओरडतोय, "टायम काढ, टायम काढ!" आमच्या क्लासच्या भिंतीवर कराटेचे आद्य गुरू फुनाकोशी यांचं वचन होतं, कराटेत पहिला वार नसतो. आता पहिल्या वारालाच बक्षीस.

म्हापशेकर: भिंतीवरची वचनं आमच्याकडेही होती हो फोंडेकरबाब. खाली फी भरली की पट्टा मिळायचा. माझी मुलगी तीन वर्षं हवेत ठोसे मारून ब्राऊन बेल्ट झाली. पहिल्याच स्पर्धेत तिच्याहून खालच्या, ग्रीन बेल्टवालीने तिला अशी धुतली की घरी येऊन तिने पट्टा कपाटात टाकला. खरं शिकणं त्यानंतर सुरू झालं. आणि संयमाचं म्हणाल तर टोकियो ऑलिंपिकची फायनल आठवा. सौदीचा हमेदी ४-१ पुढे होता, लाथ बेताबाहेर बसली, बाद झाला.

फोंडेकर: आणि सुवर्ण कुणाला? त्या लाथेने बेशुद्ध पडलेल्या इराणच्या गंजजादेला! उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत.

डिचोलीकर: मध्येच तोंड घालतो. आमच्या शिगम्यातल्या (शिमग्यातल्या) घोडेमोडणी नाचाचं बघा. गावात कमरेला घोडा बांधून, तलवार उगारून निघतात तेव्हा ढोलाच्या ठेक्याने अंगावर काटा येतो. तीच मंडळी पणजीच्या शिगमो मिरवणुकीत परीक्षकांचा मंच आला की जास्त उड्या मारतात. चीड येते. पण बक्षिसाच्या आशेने का होईना, पोरं तालमीला येतात हेही खरं. (आमच्या वाड्यावरचा एक घोडा तर बक्षिसाच्या पैशांतूनच नवा झाला.)

म्हापशेकर: तेच म्हणतोय. कानोंनी १८८२ मध्ये ज्युडो उभा केला आणि पुढे ऑलिंपिक समितीवरही बसले. १९६४ ला ज्युडो ऑलिंपिकमध्ये गेला, म्हणून कुणी नमस्कार करायचं सोडलं का?

फोंडेकर: नमस्कार भाच्यानेही केला. मान समोरच्यापुढे झुकली होती, डोळे कोचकडे.

म्हापशेकर: मग कोचला खडसवा ना! सेन्शूवर कशाला राग काढताय? शेवटच्या सेकंदांत लढत टाळून शिक्षा झाली तर सेन्शू जाते. पोराला हे कुणी सांगितलंय का, ते आधी विचारा.