ऑटोला इतकंही हिणवू नका

"लाखाचा कॅमेरा घेऊन डायल हिरव्या ऑटोवरच, मग मोबाइल काय वाईट होता?" असं कुणीतरी म्हटलं. हिरवा ऑटो म्हणजे सगळं कॅमेऱ्यानेच ठरवायचा मोड. हे म्हणणं मला अर्धंच पटलं. आमच्या मेहुण्यांनी असाच भारी कॅमेरा घेतला नि पहिल्यांदा तारकर्लीला आणला. भर दुपारची पांढरी वाळू फोटोत राखेसारखी! कॅमेऱ्यात खोट नव्हती. समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून कॅमेऱ्यातला मीटर उजेड मोजतो, म्हणून पांढरं काळवंडतं आणि सिंधुदुर्गाचा नुसता काळपट तट फ्रेमभर घेतला की तो उगाच फिका पडतो. वाळूसाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) +1 केलं की झालं. पण गंमत अशी, बऱ्याच कॅमेऱ्यांत फुल ऑटोवर ते चालतच नाही. डायल 'पी'वर (प्रोग्रॅम मोडवर) न्यायचा. अ‍ॅपर्चर, शटर (म्हणजे उजेड केवढ्या भोकातून आणि किती वेळ आत घ्यायचा ते) तरीही कॅमेराच बघतो. (निकॉन डी850 वर तर हिरवा ऑटो ठेवलेलाच नाही.)

मावळतीला व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांची झाक ठरवणारी सेटिंग) ऑटोवर न ठेवता 'डेलाइट'वर ठेवा, नाहीतर तो केशरी रंग पार धुऊन निघतो.

होडीत मात्र मी स्वतः ऑटोवरच असतो. खारं पाणी उडतंय, पोरं हलताहेत, तिथे कुठे डायल फिरवत बसणार?