वस्तीतील मुलांच्या वाद्यवर्गासाठी अनुदान कोणाकडे आणि कसे मागावे?

पेटीवाला, मानखुर्द

मानखुर्दच्या आमच्या वस्तीत, समाजमंदिराच्या मागच्या खोलीत, गेली चार वर्षे आम्ही आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी मुलांना पेटी, ढोलकी आणि हलगी शिकवतो. पंचवीस-तीस मुले नियमाने येतात आणि त्यांत निम्म्या मुली आहेत. पेट्या दोनच, त्यांपैकी एकीचा भाता फाटला असून त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून आम्ही काम भागवतो. पावसाळा लागला की हलगीचे चामडे सैल पडते, त्यामुळे वर्ग सुरू होण्यापूर्वी ती शेगडीवर शेकून घ्यावी लागते. ढोलकी शिकवणारे गुरुजी चेंबूरहून कामावरून सुटून येतात आणि त्यांना आम्ही जेमतेम रिक्षाभाडे देऊ शकतो.

आजवरचा खर्च वर्गणीतून झाला. गेल्या वर्षी एका कंपनीने आमच्या मुलांचा कार्यक्रम स्वतःच्या वर्धापनदिनाला ठेवला, मुलांना कंपनीचे नाव छापलेले टी-शर्ट दिले, भरपूर छायाचित्रे काढली आणि वर्गाला वर्षभर मदत करण्याचे आश्वासन दिले. त्यानंतर मात्र त्यांच्याकडून काहीही कळले नाही. मुले अजून विचारतात, याचे मला फार वाईट वाटते.

आमचे मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले आहे, आणि लेखापरीक्षण दरवर्षी होते. आयकर खात्याची कोणतीही नोंदणी मात्र आम्ही अद्याप केलेली नाही. अशा मंडळाने अर्ज कोणाकडे करावा? शिक्षकांचे मानधन मागितले तर अर्ज बाद होतो, वाद्येच मागावीत, असे अनेक जण सांगतात. त्यात तथ्य आहे का?

हिशेबनीस, ठाणे

मी अनेक लहान न्यासांचे हिशेब पाहतो, म्हणून आधी कागदपत्रांबद्दल लिहितो.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ही कामे कोणती, ते त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिलेले आहे. आपला वर्ग तिथे तीन ठिकाणी बसतो: शिक्षण, कला व संस्कृतीचे जतन, आणि झोपडपट्टी क्षेत्राचा विकास. कंपनीचे यापूर्वीचे काम कोणत्या क्षेत्रात आहे ते पाहून त्यातील एकच धागा पकडावा. तिन्हींची सरमिसळ केलेला प्रस्ताव वाचणाऱ्याला विस्कळीत वाटतो.

हा निधी घेण्यासाठी संस्थेकडे आयकर खात्याच्या '१२ए' (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि '८०जी' (देणगीदाराला करसवलत) या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन्ही नोंदण्या असाव्या लागतात, आणि कंपनीने स्वतः स्थापन न केलेल्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. त्यानंतर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे 'सीएसआर-१' हा अर्ज सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रासह भरून क्रमांक मिळवावा लागतो. १ एप्रिल २०२१ पासून तो बंधनकारक आहे. आपली चार वर्षे भरलेली आहेत, ही मोठी जमेची बाजू आहे, मात्र ती कागदावर दिसली पाहिजेत. हजेरीपट, तारखेसह वर्गाची छायाचित्रे आणि दुरुस्तीच्या पावत्या, मग त्या कितीही किरकोळ रकमेच्या असोत, आजच एका फायलीत लावून ठेवा.

मानधनाबद्दलचा समज चुकीचा आहे आणि तो कुठून आला हेही मला ठाऊक आहे. २०२१ च्या सुधारित नियमांत प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीने स्वतःचा सामाजिक कामाचा विभाग चालवण्यासाठी केलेल्या खर्चाला लागू होते. एखादा प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च त्यात धरला जात नाही. ढोलकीच्या वर्गात ढोलकी शिकवणारा माणूस हाच प्रकल्प आहे, त्यामुळे त्याचे मानधन 'कार्यक्रम खर्च' या शीर्षाखाली निःसंकोच दाखवावे. त्याच नियमांनुसार, आपल्या मालाची किंवा सेवेची जाहिरात व्हावी म्हणून कंपनीने प्रायोजित केलेला उपक्रम सामाजिक खर्चात धरता येत नाही. पुढच्या वेळी टी-शर्टांचा विषय निघाला तर हे नम्रपणे सांगता येईल.

आणखी एक. धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट एकवर, म्हणजे संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, आज कोणाची नावे आहेत, ते तपासा. पदाधिकारी बदलले, पण सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ खालील बदल अर्ज दाखलच झाला नाही, म्हणून हातातोंडाशी आलेले अनुदान अडकल्याची उदाहरणे मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

ढोलकीवादक, नारायणगाव

हिशेबनीसांच्या म्हणण्याला माझा अनुभव जोडतो. काही वर्षांपूर्वी एका न्यासाने आमच्या गावच्या मुलांना बारा ढोलक्या दिल्या. समारंभ झाला, हार-तुरे झाले. शिकवणाऱ्यासाठी मात्र एक रुपयाही नव्हता. दोन पावसाळ्यांत पुड्या (ढोलकीच्या तोंडांवरची चामडी) फुटल्या, त्यांवरची शाई (काळा लेप) निघाली, आणि शाळेच्या माळ्यावर त्या ढोलक्या आजही उलट्या पडून आहेत. तेथून जाताना मला आत डोकाववत नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, वाद्ये निम्मीच मागा, पण शिक्षकाचे मानधन सलग तीन वर्षांचे मागा आणि पुड्या बदलणे, शाई भरणे, पेटीचे सूर लावून घेणे यासाठी दरवर्षाची वेगळी रक्कम अंदाजपत्रकात धरा. आपल्या शेजारच्या कारागिराकडून लेखी दरपत्रक घेतले तर ती रक्कम कोणी कापत नाही.

कंपन्यांखेरीज सरकारी वाटही आहे. महाराष्ट्र हा उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र आणि नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र अशा दोन्ही सांस्कृतिक केंद्रांचा सदस्य आहे. या केंद्रांच्या गुरु-शिष्य परंपरा योजनेत गुरूला आणि साथीदाराला मानधन, तर शिष्यांना विद्यावेतन मिळते. तेथे पेटीपेक्षा हलगी आणि शाहिरी ढोलकीचे पारडे जड राहील, कारण लोप पावत चाललेल्या लोककलांसाठी ती योजना आहे. मुंबईच्या कामगार वस्त्यांना शाहिरीचा वारसा आहेच. १९४० च्या दशकात अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक याच वस्त्यांतून गात होते. प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात हे अवश्य लिहा.

सूरसखी, फोंडा

गोव्यात डॉ. लुईस डायस यांनी २००९ साली सुरू केलेली चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन ही संस्था वंचित मुलांना व्हायोलिन, चेलो यांसारखी वाद्ये शिकवते. तिच्या कामाकडे पाहताना मला नेहमी जाणवते की, मूल एका वाद्यापाशी वर्षानुवर्षे टिकणे हेच यश आहे. आपल्या अहवालातही किती कार्यक्रम झाले यापेक्षा चार वर्षांपूर्वी आलेल्यांपैकी किती मुले आज वाजवत आहेत, हा आकडा आधी द्यावा.

एक सावधगिरीही सांगते. परदेशातील नातेवाइकांनी वा मित्रमंडळींनी मदत देऊ केली तर ती मंडळाच्या खात्यात सरळ घेऊ नका. देणगीदार परदेशी नागरिक असेल, तर विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली दुसरी संस्थासुद्धा असा निधी आपल्याकडे वळता करू शकत नाही. आपल्या गुरुजींना वैयक्तिकरीत्या काही प्रयोग करायचा असेल, तर बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स व्यक्तींनाही अनुदान देते.

पेटीवाला, मानखुर्द

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळीच परिशिष्ट एकची प्रत काढून पाहिली, तर दोन वर्षांपूर्वी निवर्तलेल्या आमच्या अध्यक्षांचे नाव त्यावर अजून तसेच आहे. रविवारी कार्यकारिणीची बैठक बोलावली असून बदल अर्ज आणि आयकराच्या दोन्ही नोंदण्या यांचे ठराव तीत मांडतो. हजेरीच्या वह्या गुरुजींच्या घरी आहेत. पहिल्या वर्षाची वही पावसात भिजली आहे, पण तिच्यातील मुलांची नावे वाचता येतात. त्या यादीतील अकरा जण आजही वर्गाला येतात.