शब्दचर्चा : गोवराच्या लसीची 'परिणामकारकता' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : गोवराच्या लसीबद्दल वाचताना गुणकारिता, परिणामकारकता आणि व्याप्ती हे शब्द एकमेकांच्या जागी आलेले दिसतात. 'लस ९० टक्के परिणामकारक' म्हणजे लस घेतलेल्या शंभर मुलांपैकी दहांना गोवर होणारच का?

प्रतिसाद : नाही. ही टक्केवारी तुलनेतून येते. लस न घेतलेल्या मुलांपेक्षा घेतलेल्यांमध्ये लागणीचा दर किती टक्क्यांनी कमी, एवढंच ती सांगते. समजा, एका वस्तीत १००० मुलं आहेत. ९०० जणांना लस मिळाली, १०० जण राहिले. साथ आली आणि न घेतलेल्यांपैकी ९० आजारी पडले, घेतलेल्यांपैकी ८१. रुग्णांत जवळजवळ निम्मे लसवालेच, मग उपयोग काय, असं लगेच म्हटलं जातं. पण दर काढा : एकीकडे ९० टक्के, दुसरीकडे ९. म्हणजे परिणामकारकता ९० टक्के. उद्या सगळ्याच मुलांना लस मिळाली, तर जो कोणी आजारी पडेल तो लस घेतलेलाच असणार! या गैरसमजापायी आईबापांचा लसीवरचा विश्वास उडतो, म्हणून हा शब्द सैलपणे वापरू नये असं मला कळकळीने वाटतं.

दुसरा प्रतिसाद : 'गुणकारिता' म्हणजे हीच टक्केवारी, पण लसीच्या चाचणीत मोजलेली; हा शब्द तेवढ्यापुरताच राखावा. तिथे मुलं निवडून घेतलेली असतात, लस नीट थंड ठेवलेली असते. वस्तीत तसं नसतं. द्रावकात (सोबत येणाऱ्या द्रवात) मिसळल्यावर ही लस सहा तासांत संपवावी लागते, आणि ऊन लागलं तर ती निकामी होते. शिवाय वय. आईकडून आलेली प्रतिपिंडं (रोगजंतूंशी लढणारे रक्तातले घटक) काही बाळांच्या अंगात नवव्या महिन्यातही शिल्लक असतात आणि लसीचं काम अडवतात, म्हणून त्या वयात एका डोसाने साधारण ८५ टक्के संरक्षण मिळतं. दोन डोसांनंतर ते ९७च्या आसपास जातं.

प्रश्नकर्ता : आणि व्याप्ती?

पहिला प्रतिसादक : किती मुलांना डोस मिळाला, तेवढंच. व्याप्ती ९० टक्के आणि परिणामकारकता ८५ टक्के असेल, तर शंभरातली ७६-७७ मुलंच सुरक्षित. गोवर थोपवायला दोन्ही डोसांची व्याप्ती ९५ टक्के हवी, ती याचसाठी. तेव्हा बातमीत 'लसीकरण ९० टक्के यशस्वी' असं मोघम न लिहिता '९० टक्के मुलांना पहिला डोस मिळाला' असं लिहावं.