सोफ्यावर लावायला मोठं टेक्स्चर ॲबस्ट्रॅक्ट घरी करायचंय: बोर्ड कोणता, लेप कसला?

वाडीकर
नमस्कार मंडळी. हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावायला एक मोठं ॲबस्ट्रॅक्ट घरीच करायचा विचार आहे. सोफा ७ फुटी, भिंत साडेदहा फूट, खिडकी डाव्या हाताला. रंग पांढरट, मातकट आणि थोडा काळा; हाताला लागतील अशा लाटा हव्यात. एवढ्या मापाचा तयार कॅनव्हासच सगळं बजेट खातो, आणि माझं बजेट सगळं मिळून २००० रुपये आहे. कॅनव्हास घ्यावा की एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड)? पांढऱ्या सिमेंटची पुट्टी घरात उरली आहे, ती चालेल का? व्हिडिओत सगळे तीच थापतात, आणि खाली कॉमेंटमध्ये निम्मे लोक तडे गेल्याची तक्रार करतात. आणखी एक, घर बडोद्यात तळमजल्यावर आहे. २०२४ च्या पुरानंतर त्या भिंतीच्या खालच्या दोन-अडीच फुटांत ओल राहिलीच आहे. भोकं न पाडता टांगता आलं तर बरं. दिवाळीच्या आत व्हायला हवं.

लातीवरचा
आधी माप ठरवा. सोफ्याच्या रुंदीचे दोन तृतीयांश धरायचे, म्हणजे ८४ इंचाला ५६ इंच. एवढी एकच फळी जिन्यातून आणि रिक्षातून नेताना कोपरे फुटतात. त्यापेक्षा २७ × ३६ इंचाचे दोन बोर्ड करा आणि मध्ये २ इंच फट ठेवा. अख्खी ८ × ४ ची शीट घेऊ नका. लातीवर (लाकडाच्या वखारीत) कापून उरलेले तुकडे पडलेले असतात, त्यातून माप सांगून कापून घ्या.

जाड लेपाला कॅनव्हास नकोच. बोटाने दाबला की कॅनव्हास लवतो, लेप लवत नाही, आणि तडा नेमका तिथेच जातो. ६ मिमी एमडीएफ घ्या. तो मात्र एका बाजूने पाणी प्यायला की दुसऱ्या दिवशी ताटासारखा वाकतो. म्हणून लेप लावायच्या आधी मागे २५ × १९ मिमी पट्टीची चौकट आणि मधोमध एक आडवी पट्टी फेव्हिकॉलने चिकटवून समोरून बारीक चुका ठोका. चुकांची डोकी पंचने आत दाबून पुट्टीने बुजवा. मग १ भाग फेव्हिकॉल आणि ३ भाग पाणी असा पातळ हात *दोन्ही* बाजूंना द्या. कापलेल्या कडा सगळ्यात जास्त पाणी ओढतात, त्यांना दोन हात द्या आणि वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. मागची बाजू कोणाला दिसत नाही म्हणून लोक कोरडी सोडतात आणि मग ‘बोर्ड खराब निघाला’ म्हणत परत येतात.

पत्राथापी
सिमेंटची पुट्टी भिंतीसाठीच राहू द्या. ती पक्क्या प्लास्टरवर दोन हात मिळून दीड मिलिमीटरपर्यंत लावायची वस्तू आहे. तिला घट्ट व्हायला ओलावा लागतो आणि एमडीएफ तोच शोषून घेतो, त्यामुळे खालून ती भुसभुशीत राहते. पीओपीसुद्धा नको. कालवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत तो बसतो, एवढ्या वेळात तीन फुटी बोर्डावर रेघ ओढून होत नाही.

एका बोर्डाला हे प्रमाण घ्या: खडूची पूड (दुकानात व्हाइटिंग म्हणून मागा) २ किलो, फेव्हिकॉल ५०० ग्रॅम, घरात लावतात तो पांढरा इमल्शन रंग २५० मिली. पूड आधी चाळून घ्या, नाहीतर एखादा खडा लेप थापायच्या पत्र्याखाली येतो आणि अख्ख्या लाटेवर ओरखडा पडतो. पाणी चमच्याने घाला आणि श्रीखंडाइतकं घट्ट झालं की थांबा. तडे जातात ते या पाण्यामुळेच. पाणी उडालं की लेप आकसतो. वरची साय आधी वाळते, आतला भाग अजून आकसत असतो आणि साय फाटते. घट्ट वाटलं म्हणून आणखी पाणी ओतणं आणि लवकर वाळावं म्हणून पंखा पाचवर ठेवणं, या दोन गोष्टी टाळल्या तर बहुतेक काम झालं.

पहिला हात जेमतेम अर्धा ते एक मिमी, पत्र्याने दाबून लावा. ओला असतानाच त्यावर जुन्या कंगव्याने उथळ रेघा मारा, म्हणजे वरचा थर पकडून राहील. दुसऱ्या दिवशी उरलेला सगळा लेप थापा. कणे (लाटांचे उंचवटे) ४ मिमीपर्यंत, मधल्या खोबणी एक मिमी, अशी सरासरी साधारण दोन मिमी येते. आपल्याकडे भाद्रपदातल्या दमट हवेत हे वाळायला दोन दिवस धरा; नखाने खरवडून खाली ओलसर लागलं तर तिसराही.

लाटांसाठी आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण कापून दात करा, ८ मिमी दात आणि ६ मिमी फट. रेघ एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा आणि प्रत्येक वेळी दात पुसा. दहा-पंधरा मिनिटांनी साय धरते. त्यानंतर ‘जरा इथे सरळ करतो’ म्हणून परत गेलात की कणा दाण्यादाण्याने फाटतो. बिघडलं तर सगळा लेप खरवडून डब्यात घ्या आणि पुन्हा थापा, माल वाया जात नाही.

खिडकी डावीकडे आहे ना? मग लाटा उभ्या किंवा तिरक्या ठेवा. बाजूचा उजेड उभ्या कण्यांची सावली पाडतो. आडव्या लाटा त्याच उजेडात सपाट दिसतात. बॅटरी डावीकडे धरून ओल्या लेपावर एकदा बघून घ्या.

पुष्पबागेचा कट्टा
रंगाबद्दल. ट्यूबमधले ॲक्रिलिक एवढ्या मापाला परवडत नाहीत. १ लिटर पांढरं मॅट इमल्शन आणि त्यात छटेसाठी मिसळायचे स्टेनर घ्या: यलो ऑकर, बर्न्ट अंबर, काळा. लेपातलं इमल्शनही त्याच डब्यातून काढा. लिटरला २५-३० मिलीच्या वर स्टेनर गेला तर रंग नीट वाळत नाही, हाताला लागत राहतो. म्हणजे त्यातून गडद काळा होणारच नाही. तो तयार काळ्या रंगाच्या छोट्या डबीतून घ्या.

सगळीकडे सगळं भरू नका. साधारण सत्तर टक्के पांढरट, पंचवीस मातकट, काळा अगदी पाच. काळा दोन्ही बोर्डांवर वाटून न टाकता एकाच बोर्डाच्या फटीकडच्या कडेला ठेवला तर मधली फट चित्रातच येते. मातकट रंग पातळ करून खोबणीत सोडा आणि कण्यावरचा लगेच ओल्या फडक्याने पुसा. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त कण्यांवरून पांढरा फिरवा.

रेघ म्हणजे काय, हे आपल्याच गावात बघायला मिळालेलं आहे. चित्रकार नसरीन मोहम्मदी १९७२ पासून इथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागात शिकवत होत्या. त्यांची शाई-पेन्सिलीची रेखाटनं नेटवर काढून बघा. रेघा अगदी नेमक्या, पण दोन रेघांमधलं अंतर दाट-विरळ होत जातं आणि त्यावरच सगळं चालतं. नक्कल करू नका, पण झाकणाचे दात सगळे सारखे कापायच्या आधी एकदा बघाच. अर्ध्या दातांतली फट वाढवली तरी फरक पडतो.

चित्रकार जेराम पटेलांनी प्लायवूड ब्लोटॉर्चने जाळून कामं केली. ते बघून एमडीएफ जाळायचा मोह होतो कोणाकोणाला. घरात करू नका, त्यातल्या चिकट द्रव्याचा धूर वाईट असतो.

पाणसळ
टांगण्याकडे कोणी वळलंच नाही. बोर्ड, पट्ट्या, वाळलेला लेप मिळून एकेक सहा किलोच्या घरात जाईल. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप नको. टेप धरून ठेवते, पण भिंतीवरचा रंग आणि पुट्टी तिच्यासकट पापुद्र्याने निघते. भोकं पाडा. ६ मिमीचा बिट, ६ मिमीची गिट्टी (भोकात बसवायचा प्लग), भिंतीत ३५-४० मिमी जाईल एवढा स्क्रू. पुट्टीचा थर ओलांडून विटेत पकड मिळाली पाहिजे. बिटवर पांढरी पूड संपून लाल येईपर्यंत आत जा.

दोन बोर्ड एका रेषेत हवेत तर सरळ उपाय आहे. एक पट्टी लांबीने ४५ अंशात चिरून घ्या. एक अर्धी भिंतीला, उतार भिंतीकडे ठेवून; दुसरी बोर्डाच्या चौकटीला उलटी. बोर्ड वरून अडकतो आणि डावी-उजवीकडे सरकवता येतो. भिंतीची पट्टी ५० इंचांची एकच ठेवा, पाणसळ एकदाच लावायची. चार भोकांत काम होतं.

खालची कड सोफ्याच्या पाठीपासून ८ ते १० इंच वर ठेवा, म्हणजे तुमची ओल खालीच राहील. तरी भिंतीला लोणा (ओलीने येणारा पांढरा क्षार) किती उंचीपर्यंत फुटलाय ते आधी हाताने चोळून बघा. पांढरी पूड बोर्डाच्या उंचीपर्यंत येत असेल तर एमडीएफ घेऊ नका, फुगला की परत बसत नाही. तिथे ६ मिमी वॉटरप्रूफ प्लाय घ्या. खालच्या दोन कोपऱ्यांत मागून भिंतीच्या पट्टीच्या जाडीएवढे लाकडाचे ठोकळे चिकटवा, म्हणजे बोर्ड सरळ राहील आणि मागून हवा खेळेल.

वाडीकर
खूप आभार सगळ्यांचे. लोणा कमरेच्या खालीच आहे, म्हणजे एमडीएफच. फेव्हिकॉलचा लेप पावसाळ्यात नरम पडेल का? वरून वार्निश मारू का?

पत्राथापी
हवेतल्या दमटपणाने काही होत नाही, वर इमल्शन आहेच. ओल्या फडक्याने घासत बसलात तर मात्र कणे मऊ पडतील, धूळ कोरड्या ब्रशनेच झटका. तेलाचं वार्निश नको, पांढरा पिवळा पडतो. हवंच असेल तर पाण्याचं मॅट क्लिअर, दोन पातळ हात. चकचकीत घेतलंत तर खिडकी चित्रात दिसेल आणि लाटांची सावली जाईल.