सोसायटी ग्रुप: मुलाचा गेम अडकतोय, ग्राफिक कार्ड घ्यावंच लागेल का?

बी-304: नमस्कार मंडळी. ग्रुपवर कॉम्प्युटरमधलं कोणाला कळतं का? मुलाचा पीसी दोन वर्षांपूर्वी असेंबल करून घेतला. अभ्यास, प्रोजेक्ट सगळं नीट चालतं. पण गाडी चालवायचा गेम लावला की दर पाच-दहा सेकंदांनी चित्र थिजतं आणि उडी मारून पुढे जातं. दुकानदार म्हणतो 28 हजारांचं ग्राफिक कार्ड टाका, दुसरा इलाज नाही. यंदा बारावी, क्लासची फी नुकतीच भरली. एवढे पैसे घालण्याआधी विचारावं म्हटलं.

बी-102: इंटरनेटचं असणार ताई. आमचं पण रात्री नऊनंतर रडत चालतं.

ए-203: काका, गेम एकट्याने खेळायचा असेल तर नेटचा संबंध येत नाही. काकू, वायफाय बंद करून खेळायला सांगा त्याला. तरी अडकला तर नेटला दोष नको.

बी-304: आत्ताच बंद करून पाहिलं गं. तस्संच.

सी-502: ताई, दुकानदाराला अजून काही कबूल करू नका. गेम चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबायला सांगा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. त्या पानाचा फोटो टाका. प्रोसेसर कोणता तेही.

बी-304: फोटो टाकलाय. मुलगा म्हणतो रायझन 5 5600जी, वेगळं ग्राफिक कार्ड नाही.

सी-502: मिळालं. आता सगळ्यांनीच वाचा, कारण हे अनेक घरांत असतं.

रॅम, म्हणजे चालू कामाचं सामान ठेवायची मेमरी, 8 जीबी. पण खाली हार्डवेअर रिझर्व्ह्ड 2.1 जीबी आहे. या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं, त्याला स्वतःची मेमरी नसते, ते आपल्या रॅममधूनच वाटा काढून घेतं. राहिली 5.9. त्यातला मोठा वाटा विंडोज आणि मागे उघडा असलेला ब्राउझर खातो. गेमच्या ताटात काय उरलं? मग विंडोज जास्तीचं सामान एसएसडीवरच्या, म्हणजे फायली साठवायच्या डिस्कवरच्या, पेज फाइलमध्ये नेऊन ठेवतं. वळणावर नवा रस्ता दाखवायची वेळ आली की तेच सामान परत आणायला धावतं. रॅमच्या मानाने एसएसडी फारच हळू. तेवढा वेळ चित्र थांबतं.

दुसरी गोष्ट, स्लॉट 1 ऑफ 2 लिहिलंय. म्हणजे दोन जागांपैकी एकातच रॅमची पट्टी, एकच स्टिक. तिसरी, स्पीड 2666. बिलावर किती लिहिलंय बघाल का?

बी-304: बिल सापडलं. डीडीआर4 3200.

सी-502: बघा! पैसे 3200 चे दिले आणि दोन वर्षं चालतेय 2666 वर. जोडणाऱ्याने बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय, चालू केलंच नाही. हे नाही केलं तर बोर्ड सुरक्षित म्हणून कमी वेग धरतो. मला खरंच वाईट वाटतं असं पाहिलं की.

हिशोब असा. 2666 ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त साधारण 21 जीबी डेटा देऊ शकते. 3200 च्या दोन स्टिक, ड्युअल चॅनलमध्ये म्हणजे दोन्ही एकाच वेळी चालवून, 51 जीबी. प्रोसेसर आणि आतलं ग्राफिक्स दोघंही याच एका नळावर पाणी भरतात. वेगळं कार्ड असतं तर त्याची मेमरी त्याच्याजवळ असती, एवढा फरक पडला नसता. इथे पडतो.

ए-605: दादा, मी रॅम क्लीनर टाकलाय. बटण दाबलं की 2 जीबी मोकळी होते. व्हिडिओ बघून पेज फाइलही बंद केलीय. ताईंनी तेच करावं का?

सी-502: नको. तुम्हीही क्लीनर काढा आणि पेज फाइल पुन्हा विंडोजच्या हवाली करा. विंडोज रिकाम्या रॅममध्ये नुकत्याच वाचलेल्या फायली धरून ठेवतं आणि कोणाला जागा लागली की लगेच सोडतं. क्लीनर त्याच फायली हाकलतो, मग गेम त्या पुन्हा डिस्कवरून वाचतो. आकडा मोकळा दिसतो, झटके वाढतात. आणि पेज फाइल नसताना मेमरी संपली तर गेम थेट बंद पडेल, सेव्ह न केलेलं जाईल.

बी-102: माझ्याकडे जुन्या लॅपटॉपची 8 जीबीची रॅम पडून आहे. घेऊन येऊ?

सी-502: मनापासून धन्यवाद काका, पण लॅपटॉपची स्टिक लांबीला आखूड असते, पीसीच्या स्लॉटमध्ये बसत नाही.

ए-203: माझ्या पीसीत 8-8 च्या दोन आहेत, 3200 च्याच. उद्या दुपारी एक काढून देते. लागू पडली तरच काकूंनी विकत घ्यावी. एआयच्या डेटा सेंटरकडे माल वळल्यामुळे 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव खूप चढलेत, अंदाजाने घेण्यात अर्थ नाही.

सी-502: शाब्बास. उद्या चारला येतो ताई. मुलाला सांगा, आधी आजचा फ्रेम टाइमचा, म्हणजे प्रत्येक चित्राला किती वेळ लागतो त्याचा, आलेख काढून ठेव. आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर हे प्रोग्रॅम टाकले की दिसतो.

बी-304: तो म्हणतो एफपीएस, म्हणजे सेकंदाला चित्रं, सरासरी 41 येतो, मग वाईट काय?

सी-502: सरासरीने फसायला होतं. 60 फ्रेम म्हणजे एका चित्राला साधारण 16.7 मिलिसेकंद. एकोणसाठ चित्रं वेळेवर आली आणि एकच 100 मिलिसेकंदांनी उगवलं, तरी सरासरी छान दिसते. डोळ्याला मात्र तो एक धक्का बरोबर लागतो. आलेखातले सुळके बघायचे.

(रविवार)

सी-502: झालं काम. कोणाला पुढे करायचं असेल म्हणून नीट लिहितो. पीसी बंद करून वायर भिंतीतून काढली, पॉवरचं बटण दाबून उरलेला करंट जाऊ दिला, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावला. स्लॉटच्या टोकाची चाप उघडली. स्टिकच्या खालची खाच मधोमध नसते, ती स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळली की दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबायचं. चाप आपोआप खटकन बसते. नाही बसली तर स्टिक उलटी असू शकते, जोर लावायचा नाही. यांच्या बोर्डवर दोनच स्लॉट आहेत. चार असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरायचा, बोर्डाच्या पुस्तकात असतंच. पंख्यावर धुळीचा थर होता, तोही मुलाने ब्रशने काढला.

बी-304: एक्सएमपी चालू केल्यावर स्क्रीन काळीच राहिली हो! पीसी दोनदा आपोआप बंद होऊन चालू झाला. माझे तर हातपाय गार पडले.

सी-502: बोर्ड नव्या वेगाला मेमरी जुळवून बघत असतो, थोडा धीर धरायचा. अगदीच नाही उठला तर बायोस मूळ पदावर आणता येतं, काही जळत नाही. आज रात्री विंडोज मेमरी डायग्नोस्टिक लावून झोपा. चूक दाखवली तर वेग एक पायरी उतरवू. अस्थिर रॅमने फायली बिघडतात, बारावीच्या नोट्स त्याच पीसीत आहेत.

बी-304: आकडे मुलगा सांगतोय: सरासरी 41 ची 54 झाली. आधी सुळके 90-100 मिलिसेकंदांपर्यंत जायचे, आता बहुतेक 25 च्या आत. नव्या भागात शिरलं की मात्र एक-दोनदा अडकतो अजून.

ए-203: काकू, पहिल्यांदाच दिसणाऱ्या गोष्टींचे शेडर (त्या गोष्टी पडद्यावर रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) गेम त्या क्षणी तयार करतो, ते असेल. त्याच रस्त्यावरून पुन्हा गेलं की अडकायला नको. सुरुवातीला शेडर तयार होतायत असं दाखवलं तर ते अर्ध्यावर सोडू नको म्हणावं.

सी-502: बरोबर. शिवाय सावल्या आणि टेक्श्चर हायवरून मीडियमवर आणायला सांगा आणि फ्रेम 60 ला लॉक करा. एकसारखा 60 हा खालीवर होणाऱ्या 75 पेक्षा डोळ्याला कितीतरी बरा.

ए-605: दादा, मी ऑनलाइन व्हॅलोरंट खेळतो, त्यात शत्रू एकदम इकडून तिकडे दिसतो. माझीही रॅमच का?

सी-502: चित्र गुळगुळीत आणि फक्त समोरचा उडी मारत असेल तर ते नेट. त्याचे सर्व्हर मुंबईतच आहेत, पुण्यातून पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, कमी यायला हवा. वायफाय सोडून राउटरपासून लॅनची वायर ओढा.

बी-304: मेमरी टेस्ट रात्रभरात पूर्ण झाली, एकही चूक नाही. दुसरी स्टिक आजच घेतेय, आहे त्याच कंपनीची, 3200 ची. ए-203 तुझी संध्याकाळी आणून देते. दुकानदाराला कार्ड नको म्हणून कळवलं. तुम्हा दोघांचे किती आभार मानू.

बी-102: सी-502, माझ्या पीसीत टॅली फार रखडतं. आत्ता बघितलं, स्लॉट 1 ऑफ 2 आणि मेमरी 93 टक्के भरलेली. फोटो टाकतोय.

सी-502: टाका काका.