बाळाची जागा आजीची मांडी नव्हे

कॅराव्हॅन, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली प्रवासी गाडी, आतून घरासारखी असल्याने दोन वर्षांच्या बाळाला आजीच्या मांडीवर बसवून नेले तरी चालते, असे काही जण म्हणतात; या मताशी मी सहमत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला सीट बेल्टचा पट्टा किंवा बालआसन (गाडीत बसवायचे लहान मुलांचे खास आसन) याविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे. पण दंडापेक्षाही महत्त्वाचे हे की, अचानक ब्रेक लागल्यावर कितीही मायेचे हात बाळाला धरून ठेवू शकत नाहीत. बालआसन कॅराव्हॅनमधल्या बाजूला तोंड असलेल्या आडव्या बाकावर बसवता येत नाही, म्हणून गाडी ठरवण्यापूर्वीच समोर तोंड असलेले, पट्ट्याचे आसन आहे का, हे विचारून घ्यावे.

गेल्या डिसेंबरात आईबाबांसह नागपूरहून पेंचला जाताना मनसरच्या पुढे आमची लेक पट्ट्यात रडू लागली आणि आईला ते पाहवेना. आम्ही गाडी बाजूला घेतली; बाबांनी तिला झाडाखाली कडेवर घेऊन, बिया काढलेल्या संत्र्याच्या फोडी एकेक करून भरवल्या, आणि वीस मिनिटांनी ती आपणहून आसनात बसली. आजीआजोबांचा खरा आधार अशा थांब्यांवर होतो. रात्री अनोळखी जागी दचकून उठल्यावर मात्र तिला आजीच्या जुन्या गोधडीनेच झोप लागली. ती आठवणीने सोबत ठेवा.